मुठेचा पूर व आपली पेठ

गेल्या पावसाळ्यांत भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला. त्याची आजी शनिवार पेठेंत लहानाची मोठी झाली. पाऊस सुरू झाला म्हणजे ती नेमानें एकच गोष्ट सांगते. बुधवारचा दिवस होता, चुलीवर भात शिजत होता. तो तसाच टाकून घरांतील माणसें बाहेर पडलीं, आणि परत आलीं तेव्हां घर उरलें नव्हतें. मुलगा म्हणाला, "सर, पाणशेत येथून इतकें दूर. धरण फुटल्यापासून पाणी पुण्यास पोंचेपर्यंत बराच वेळ गेला असला पाहिजे. मग आजीला भात टाकून कां पळावें लागलें? तिला आधीं कोणीं सांगितलें नाहीं काय?"

प्रश्न लहान होता, परंतु त्याचें उत्तर त्या एका तासांत पुरें झालें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें बुधवार पेठेंत व तिच्या शेजारच्या पेठांत आहेत. त्यांस व त्यांच्या वडील माणसांस उपयोग होईल, या हेतूनें तें उत्तर येथें जरा विस्तारानें देत आहों.

बोलतांना आपण 'निसर्गाचा कोप' असें म्हणतों आणि तेथेंच विचार थांबवितों. वास्तविक येथें दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक संकट व दुसरी आपत्ति. मुसळधार पाऊस, नदीची वाढ, भूकंपाचा धक्का, दरड सुटणें हीं संकटें होत. तीं निसर्गाचीं आहेत व बहुधा तीं टाळणें माणसाच्या हातीं नाहीं. परंतु निर्जन रानांत कितीही पाऊस कोसळला, तरी त्यास कोणी आपत्ति म्हणत नाहीं. पाण्याच्या वाटेंत वस्ती असावी, ती वस्ती कच्ची असावी आणि तिच्यांतील माणूस बेसावध असावा, असा योग जुळला म्हणजे संकटाची आपत्ति होते. पाणी निसर्गाचें खरें. परंतु वस्तीची जागा, घराचा कच्चेपणा व मनाचा बेसावधपणा हीं तिन्ही आपलीं. म्हणून आपत्तीचा विचार करावयाचा तो या तिहींचा.

प्रथम आपली नदी पाहूं. मुठा ही सह्याद्रीची कन्या. अंबी व मोसे या तिच्या उपनद्या. अंबीवर पाणशेतचें, मोसेवर वरसगांवचें व खुद्द मुठेवर टेमघरचें धरण आहे, आणि या तिन्हींचें पाणी खालीं खडकवासल्याच्या तलावांत येतें. पुणें हें डोंगराच्या आडोशास वसलेलें असल्यामुळें येथें वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटरच पाऊस पडतो. परंतु घाटमाथ्याची गोष्ट निराळी. लोणावळ्यास ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. म्हणून बुधवार चौकांत छत्री मिटून चालणाऱ्या माणसास, त्याच घटकेस नदी पुलाला लागण्याच्या बेतांत आहे याची कल्पनाही नसते. आपल्या अंगणांतील पाऊस पाहून मुठेची परीक्षा करूं नये, हा पहिला धडा.

आतां १९६१ सालची हकीकत. पाणशेतचें धरण मातीचें होतें व त्याचें काम पुरें व्हावयाचें होतें. तरी त्या वर्षींच्या पावसाळ्यांतच त्यांत पाणी अडविण्यांत आलें. धरणाच्या पोटांतून पाणी बाहेर सोडण्यासाठीं एक मोरी ठेवलेली होती. तिच्या दरवाजांची व्यवस्था अपुरी होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत घाटांत अतोनात पाऊस झाला, तलाव झपाट्यानें भरूं लागला आणि अपुऱ्या मोरींतून पाणी भयंकर वेगानें, धक्के देत वाहूं लागलें. मोरीचें बांधकाम खिळखिळें झालें व तिच्यावरील माती खचूं लागली. धरणाचा माथा खालीं येत होता आणि पाणी वर चढत होतें. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तो माथा सांवरून धरला. तथापि १२ जुलै रोजीं सकाळीं सातच्या सुमारास धरण फुटलें.

माथा थोडा खचला एवढ्यानें सारें धरण कसें जातें, असा संशय वाचकांस येईल. शेताच्या बांधावरून पाणी वाहतांना ज्यानें पाहिलें असेल, त्यास हें सहज समजेल. दगडी भिंतीवरून पाणी वाहिलें तरी ती कांहीं काळ टिकाव धरते. मातीच्या बांधावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे तें आपल्याबरोबर माती नेतें. माती गेली कीं वाट रुंद होते. वाट रुंद झाली कीं पाणी अधिक येतें, आणि अधिक पाणी अधिक माती नेतें. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे तें थांबविण्यास मनुष्यबळ पुरत नाहीं. म्हणूनच मातीच्या धरणास पुराचें पाणी बाहेर काढून देणारी पुरेशी वाट असणें हा त्याचा प्राण होय.

पाणशेतचें पाणी खडकवासल्याच्या तलावांत येऊन आदळलें. तेथील दगडी धरण १८७९ सालीं पुरें झालेलें. त्यानें ऐशींहून अधिक पावसाळे पाहिलेले. परंतु असला लोंढा पेलण्यासाठीं तें बांधलेलें नव्हतें. कांहीं तास तग धरून तेंही त्याच दिवशीं फुटलें. पुण्यांत लकडी पूल व नवा पूल पाण्याखालीं गेले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांच्या नदीकडील भागांत पाणी शिरलें. मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्यांत विरघळल्याप्रमाणें बसत गेले. शेकडों जीव गेले. हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं. खडकवासला हाच नगराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार असल्यामुळें, गळ्याएवढें पाणी पाहिलेल्या शहरास दुसऱ्या दिवशीं पिण्याच्या पाण्याची चिंता पडली.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. वेळ होता काय? होता. जवानांनीं रात्रभर खपून जी घटका पुढें ढकलली, ती या शहरास मिळालेली देणगीच होती. लोंढा मध्यरात्रीं आला असता, तर निजलेल्या माणसांची काय गति झाली असती, याचा विचारही करवत नाहीं. दिवसा आल्यामुळें हजारों माणसें पायीं उंच भागाकडे जाऊं शकलीं. परंतु रात्रभर धरणावर जी धडपड चालली होती, तिची वार्ता घरोघर वेळेवर पोंचली नाहीं. सकाळीं नेहमीप्रमाणें चुली पेटल्या, माणसें कामास लागलीं. पूर येत असल्याची बातमी आली ती बव्हंशीं तोंडातोंडीं. आणि तोंडातोंडीं आलेली बातमी कोणी खरी मानतो, कोणी अफवा म्हणून हंसण्यावारी नेतो.

असें कां व्हावें? यांत एक मानवी स्वभावाची गोष्ट आहे. धरण वांचेल अशी आशा असते तोंपर्यंत सूचना देण्यास मन कचरतें. सूचना दिली व संकट टळलें, तर लोक नांवें ठेवतील, उगाच घबराट केली म्हणतील, अशी धास्ती असते. परंतु दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. व्यर्थ गेलेल्या सूचनेची किंमत एक दिवसाची गैरसोय. न दिलेल्या सूचनेची किंमत माणसाचे प्राण. हा हिशेब ज्यास उमगला, त्यास या विषयांतील अर्धें शास्त्र कळलें म्हणावयाचें. आणि हा धडा केवळ अधिकाऱ्यांसाठीं नाहीं. एकदां सूचना व्यर्थ गेली म्हणून पुढच्या वेळीं तिची टिंगल करणारा नागरिकही तीच चूक करीत असतो.

ही चूक केवळ आपल्याच देशांत झाली असें नाहीं. युरोपांतील हॉलंड देशाची सुमारें चौथाई भूमि समुद्रसपाटीहून खालीं आहे. बांध घालून, पाणी उपसून त्या लोकांनीं आपली भूमि राखिली आहे. आणि बांधांची देखरेख करणारीं त्यांचीं गांवोगांवचीं मंडळें तेराव्या शतकापासून चालत आलेलीं आहेत. असे हे पाण्यांत मुरलेले लोक! तरी १९५३ सालीं ३१ जानेवारीच्या रात्रीं वादळानें समुद्र चढला, बांध फुटले आणि त्या देशांत १८३६ माणसें बुडालीं. हवामानखात्यानें वादळाचा इशारा दिला होता. परंतु त्या काळीं तेथील रेडिओ रात्रीं बंद असे, आणि सूचना निजलेल्या गांवांपर्यंत गेलीच नाहीं. पाणशेतच्या आठ वर्षें आधींची ही गोष्ट. देश निराळा, पाणी निराळें, चूक मात्र एकच.

परंतु त्या लोकांनीं पुढें जें केलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं खाड्यांच्या मुखांशीं प्रचंड बांध व दरवाजे उभारले. तें काम कित्येक दशकें चाललें. पुढें १९९५ सालीं नद्यांना पूर येण्याचीं चिन्हें दिसतांच सुमारें अडीच लाख माणसें आधींच हलविण्यांत आलीं. त्यानंतर त्यांनीं आणखी एक शहाणपण दाखविलें. बांध उंच उंच करीत न बसतां, कांहीं ठिकाणीं ते मागें घेऊन नदीस पसरण्यास जागा मोकळी करून दिली. नदीची जागा नदीस परत द्यावी, म्हणजे ती आपल्या घरांत येत नाहीं, असा त्यांचा विचार होता.

आपणही कांहीं शिकलों नाहीं असें नव्हे. पुरानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती पूरग्रस्तांसाठीं उंच भागीं वसल्या. खडकवासला दुरुस्त झाला, पाणशेत पुनः बांधलें गेलें. न्यायमूर्ति नाईक यांच्या आयोगानें चौकशी केली. देशांत २००५ सालीं आपत्तिव्यवस्थापनाचा व २०२१ सालीं धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. शिवाजीनगरची हवामानखात्याची कचेरी, जिला पुणेंकर अद्यापि 'सिमला ऑफिस' म्हणतात, ती १९२८ पासून येथें आहे. आणि आज तेथून निघालेला इशारा क्षणांत घरोघर पोंचूं शकतो. राष्ट्रीय आपत्तिप्रतिसाद दलाची एक तुकडी तळेगांवजवळ सुदुंबरें येथें सदैव सज्ज असते. १९६१ सालीं यांतील फारच थोडें होतें.

मग धोका गेला काय? याचें उत्तर एका ओढ्यानें दिलें आहे. कात्रजच्या डोंगरांत उगम पावणारा आंबील ओढा पूर्वीं, आज जेथें पेठांची दाट वस्ती आहे तेथूनच वाहत मुठेस मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं शहर वाढूं लागल्यावर त्यास पर्वतीजवळ बांध घालून पश्चिमेकडे वळविण्यांत आलें. त्या बांधानेंच पर्वतीचें तळें झालें, जेथें आज सारसबाग आहे. पेठांच्या मधून गेलेला हा ओढा आपण विसरलों, आणि त्याचें नवें पात्रही भिंतींनीं व बांधकामांनीं आवळीत आणलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूस कांहीं तास मुसळधार पाऊस झाला. तेवढ्यानें ओढ्यानें आपली जागा मागितली. अरण्येश्वराच्या परिसरांत भिंती पडल्या, घरांत पाणी शिरलें, आणि शहरांत व आसपास मिळून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. येथें धरण फुटलें नव्हतें, नदीस महापूर नव्हता. केवळ एक ओढा होता.

नदीनेंही आठवण करून दिलीच. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सेकंदास ३५ हजार घनफुटांहून अधिक पाणी सोडावें लागलें व सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या भागांत घरें पाण्यांत गेलीं. वर्तमानपत्रांत 'क्युसेक्स' हा शब्द येतो तो हाच. विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पाहावें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली घ्या. तिच्यांत एक हजार घनफूट पाणी मावेल. तेव्हां ३५ हजार क्युसेक्स म्हणजे दर सेकंदास अशा पस्तीस खोल्या भरतील इतकें पाणी! हा लोंढा अरुंद पात्रांतून जावयाचा, तर त्यानें कांठावर चढूं नये तरी काय करावें? त्याच दिवशीं पहाटे पुलाच्या वाडींत तीन तरुण विजेचा धक्का बसून मरण पावले. पुराचा मृत्यु केवळ बुडण्यानें येतो असें नाहीं, हें यावरून दिसेल.

सरकारनें नदीकांठीं दोन रेषा आंखिल्या आहेत, एक निळी व दुसरी तांबडी. पंचवीस वर्षांत सरासरीनें एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोंचतो ती निळी, आणि शंभर वर्षांत एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोंचतो ती तांबडी. येथें पुष्कळांची गफलत होते. शंभर वर्षांत एकदां म्हणजे आज पूर येऊन गेला कीं पुढें नव्याण्णव वर्षें निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. दरवर्षीं शंभरांत एक इतका त्याचा संभव असतो, आणि तो दरवर्षीं नव्यानें असतो. गणित केल्यास असें दिसतें कीं, तांबड्या रेषेवरील घरांत तीस वर्षें राहणाऱ्या माणसास असा पूर पाहण्याचा संभव सुमारें चारांत एक आहे. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षें राहणाऱ्यास तोच संभव निम्म्याहूनही अधिक. घर घेतांना जो खिडकींतून दिसणारी नदी पाहतो पण ही रेषा पाहत नाहीं, तो अर्धेंच पाहतो.

कोणी म्हणेल, बुधवार पेठ नदीपासून थोडी आंत आहे. आम्हांस काय त्याचें? परंतु आपल्या पेठेचें संकट नदीवाटेंच यावें असा नियम नाहीं. १८७९ सालीं येथील पेशवेकालीन बुधवारवाडा आगीनें नाहींसा झाला, हें सर्वश्रुत आहे. आजही अप्पा बळवंत चौकापासून तुळशीबागेपर्यंतच्या गल्ल्यांत लांकडी वाडे, कागदाचीं व कापडाचीं दुकानें, आणि दोन्हीं बाजूंस उभ्या दुचाक्या. बंब यावयाचा तो कोणत्या वाटेनें? तसेंच जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पावसाळ्यांत ओल धरतात, जड होतात व फुगतात. पाऊस थांबून ऊन पडलें म्हणजे लोक निश्चिंत होतात, परंतु ओली भिंत सुकतांनाही ढांसळते. दर पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिका धोक्याच्या वाड्यांस नोटिसा देते. घर सोडलें तर हक्क जाईल या भीतीनें भाडेकरू हलत नाहीं, भाडें पुरत नाहीं म्हणून मालक दुरुस्ती करीत नाहीं, आणि भिंत कोणाचीच वाट पाहत नाहीं. हा तंटा पावसाळ्यापूर्वीं सुटला पाहिजे. कारण भिंतीखालीं मालक व भाडेकरू असा भेद राहत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला तेव्हां हजारों माणसें गेलीं, तीं मुख्यत्वें दगडमातीच्या जड भिंतींखालीं व धाब्यांखालीं सांपडून. आपल्याच जिल्ह्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर सुटला व १५१ माणसें गाडलीं गेलीं. त्या गांवानेंही आदल्या रात्रीं नेहमीसारखेच दिवे मालविले असतील.

तर मग घरोघर काय करावें? फार मोठें कांहीं नाहीं. पावसाळा लागण्यापूर्वीं वडील माणसांनीं घराभोंवतीं एक फेरी मारावी. भिंतीस फुगारा आला आहे काय, जुनी चीर रुंदावली आहे काय, नेहमीचें दार एकाएकीं अडूं लागलें आहे काय, हें पाहावें. दाराचें अडणें हें पुष्कळदां चौकट सरकल्याचें चिन्ह असतें. गच्चीची पन्हळ व दारापुढील गटार मोकळें ठेवावें. शिधापत्रिका, दाखले, औषधें व विजेरी एका पिशवींत हातासरशीं सांपडतील अशीं ठेवावीं. पाणी घरांत येण्याचा रंग दिसतांच विजेचें मुख्य बटण बंद करावें. पाण्यांत उभें राहून त्यास हात लावूं नये. वाहतें पाणी गुडघ्याएवढें असलें तरी तें धट्ट्याकट्ट्या माणसास पाडतें, म्हणून पूल पाण्याखालीं असतां तो ओलांडण्याचें धाडस करूं नये. पूर पाहण्यास पुलावर गर्दी करण्याची आपल्या शहराची जुनी हौस आहे, ती सोडावी. ११२, आगीसाठीं १०१ व रुग्णवाहिकेसाठीं १०८ हे आंकडे लहान मुलांसही पाठ असावेत. शेजारीं एकटी म्हातारी बाई अगर अंथरुणास खिळलेला माणूस असल्यास, वेळ आली तर त्यास कोण खालीं आणील, हें आधींच ठरवून ठेवावें. सूचना कानांनीं ऐकूं येते; पण जिना पायांनीं उतरावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठीं एक काम सांगून हा लेख संपवितों. १९६१ चा पूर ज्यांनीं पाहिला, तीं माणसें आतां दिवसेंदिवस थोडीं होत आहेत. आपल्या ओळखींत अशी आजी वा आजोबा असल्यास त्यांजकडे जावें. पाणी कोठपर्यंत आलें होतें, तुम्ही कोणत्या वाटेनें निघालां, कोणीं हांक मारली, हें विचारावें, तें लिहून घ्यावें व शहराच्या नकाशावर खूण करावी. धरणें सरकार बांधील, इशारे हवामानखातें देईल. परंतु एका पिढीची आठवण पुढच्या पिढीस पोंचविण्याचें काम घरांतच होतें. तें ज्या दिवशीं थांबतें, त्या दिवसापासून वस्ती पुनः नदींत उतरूं लागते.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं हेंच काम दिलें. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें नकाशा आणला. त्यावर शनिवार पेठेंतील एका गल्लीपाशीं त्यानें पेन्सिलीनें लहानशी फुली केली होती, व तेथून एक रेघ उंच भागाकडे नेली होती. खालीं लिहिलें होतें : "आजीला शेजारच्या काकूंनीं हांक मारली म्हणून ती निघाली." त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यास घरींच मिळालें होतें. आजीस कोणीं तरी सांगितलें होतें, म्हणूनच ती गोष्ट सांगण्यास उरली.